आवटी सरांचे रविवार

आवटी सरांना काहीही मोजून सांगितलं की ते आधी एकच विचारायचे, "कुठनं?"

गाव सहा किलोमीटर. कुठनं? पोरगी दोन वर्षांनी मोठी. कुणापास्नं? एकदा स्टाफरूममध्ये आमच्या एका सहकाऱ्याने सुस्कारा सोडला, की आपलं कॉलेज फार मागं पडलंय हो. सर डब्याचं झाकण काढता काढता म्हणाले, "कुठनं मोजलं?" तो बिचारा दिवसभर तोंड पाडून बसला. लोकांना वाटायचं माणूस तिरकस आहे. तिरकस बिरकस काही नव्हते. मोजायला सुरुवात कुठून केली हे कळल्याशिवाय त्यांना पुढचं खरंच ऐकूच यायचं नाही.

आमचं कॉलेज सांगलीबाहेरच्या माळावर. मी मूळची वाईची, तोंडाने फटकळ, आणि नोकरीसाठी इकडे आले ती इकडचीच झाले. मेकॅनिकल विभागात चौदा वर्षं माझं टेबल सरांच्या टेबलाला लागून होतं. आता विभागप्रमुख मी आहे. त्यांच्या खुर्चीत मी बसत नाही, पण त्यात भावनेचा काही भाग नाही, तिचा एक पाय हलतो. हे आधीच सांगितलेलं बरं. आठवणी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असावं अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असते. माझ्या डोळ्यांत नाही. जे झालं त्यानंतर माझ्या आतलं काहीतरी झोपलं, ते अजून जागं झालेलं नाही. आमच्या दोघांच्या चुकीने एका माणसाचा उजवा हात गेला. सर तो हात परत त्याच्या तोंडापर्यंत न्यायला निघाले होते. मला सांगायचंय ते एवढंच.

सर उंच, काटक, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत ॲल्युमिनियमच्या तीन पट्ट्या, एकीच्या शेपटाला दुसरी, दुसरीच्या शेपटाला तिसरी, अशा खिळ्यांनी सैल जोडलेल्या. पोरं त्यांना पट्टी सर म्हणायची. वर्षाच्या पहिल्या तासाला ते काही बोलायचे नाहीत. फळ्याच्या वरच्या खिळ्याला ती माळ अडकवायचे, शेवटची पट्टी हाताने वर धरायचे आणि सोडून द्यायचे. पट्ट्या अशा काही उलट्यासुलट्या फिरायच्या की वर्गात हसू फुटायचं. मग पुन्हा तिथूनच सोडायचे. पुन्हा वेगळंच काहीतरी. तिसऱ्यांदा आणखी तिसरंच.

"एकच पट्टी असती तर घड्याळाचा लंबक झाला असता," सर म्हणायचे. "दुसरी जोडली की संसार झाला. आता ह्यो संसार मांडायचा कसा, त्ये वर्षभर बघायचं."

विषय म्हटलं तर रुक्ष. एकमेकींना जोडलेल्या दांड्या, बाहेरून कुणीतरी ढकलतंय किंवा ओढतंय, तर कुठली दांडी कधी कुठे असेल ते गणिताने आधीच सांगायचं. पुस्तकात त्याची चार पानं भरतील एवढी समीकरणं आहेत आणि ती पाठ करून पोरं पास होतात. सर पाठ करू द्यायचे नाहीत. ते पोरांना व्हरांड्यात काढायचे, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत बांबूच्या काठ्यांची टोकं द्यायचे, अशी सहा-सात जणांची साखळी करायचे आणि शेवटची काठी स्वतः हिसकायचे. सगळी साखळी भेलकांडायची.

"तुला काय कळलं?" मधल्या एकाला ते विचारायचे.

"सर, तिकडनं विश्वासनं वढलं, म्हणून हिकडं समदी..."

"विश्वास तुला दिसत हुता का? तुझ्या हाताला काय लागलं त्येवढं सांग."

"डाव्या हाताला वढ बसली. उजव्या हाताला धक्का."

"झालं. लिही. एका दांडीला दोनच टोकं असत्यात गड्या. ह्या टोकाला काय लागतंय, त्या टोकाला काय लागतंय, आन् मधी सोताचं वजन. प्रत्येकीनं आपापलं खरं सांगितलं का समद्या जगाचं गणित आपसूक जमतंय."

आणि कोन लिहिला, की त्याच्याखाली तो कुठल्या रेषेपासून मोजला हे लिहायचंच. उभ्या रेषेपासून, का आधीच्या दांडीपासून? ते नसेल तर पूर्ण उत्तर बरोबर असलं तरी सर भोपळा द्यायचे. पोरं माझ्याकडे रडत यायची. मी सरांकडे जायची. "मॅडम, किती अंश त्ये नंतर," ते म्हणायचे. "कुठनं मोजला त्ये आधी. न्हाईतर हात कापून घ्यायची पाळी येती." हे वाक्य ते शब्दशः बोलायचे. मी काही नाट्य म्हणून आता घालत नाही.

जगणंही तसंच, दोन टोकांपुरतं. स्टाफरूमच्या राजकारणात कुणी त्यांना ओढायला गेलं, की म्हणायचे, "माझ्या टोकाला अजून काय लागल्यालं न्हाई." ते जैन, घरची थोडी शेती, कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, आणि सूर्य मावळायच्या आत जेवण. त्यांच्यात त्याला अंथऊ म्हणतात. पाच वाजून गेले की सर चुळबुळ करायला लागायचे. प्राचार्यांची मीटिंग रंगात आली असली तरी उठायचे, "आमचा दिवस मावळाय लागला," आणि चालू पडायचे. कँटीनवाला त्यांच्यासाठी बिनकांद्याचं भडंग वेगळं ठेवायचा. ते भडंग टेबलावर पसरून त्यातला एक एक शेंगदाणा वेचून खाणं हीच त्यांची चैन.

त्यांच्या बायको वारल्या तेव्हा सर पंधरा दिवसांनी कामावर आले. मी विचारलं, "कसं आहे सर?" त्यांनी थोडा विचार केला. प्रश्नाचा विचार करून उत्तर देणारा माणूस होता तो. म्हणाले, "एक टोक सुटलंय मॅडम. हेलकावं जरा जास्त बसत्यात." आणि पट्ट्यांची पिशवी उचलून तासाला गेले.

आता ते यंत्र.

पलूसकडच्या एका शेडमध्ये ऊस भरायचा लोडर बनत होता. ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी हात, तीन दांड्यांचा, शेवटी पंजा. पंजाने उसाचा भारा उचलायचा, ट्रॉलीत टाकायचा. मालक आमचाच जुना विद्यार्थी. त्याची अडचण अशी, की भारा वाटेत निसटला तर लोखंडी हात एकदम हलका होऊन उसळतो. किती उसळेल, शेवटची दांडी कुठवर झोकांडी खाईल, माणसाने उभं कुठे राहायचं, हे त्याला आधी हवं होतं. तो सरांकडे आला. सरांनी महिनाभर खपून कागदावर सगळं मांडलं. प्रत्येक दांडी वेगळी, तिची दोन टोकं वेगळी, त्यांच्या त्या बारीक, उभ्या अक्षरात. मग ते कागद माझ्याकडे आले, कारण कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिणं माझ्याकडे.

मी लिहिला. पडद्यावर तीन रेघा छान हलल्या. चुकीच्या गोष्टीसुद्धा पडद्यावर छानच हलतात. मी अंतर काढून दिलं, मालकाने शेडच्या फरशीवर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला, आणि चाचणीच्या दिवशी सगळ्यांना बजावलं, पट्ट्याच्या बाहेर उभं राहायचं.

सर्जेराव माने बरोबर पट्ट्याबाहेर उभे होते. फौजेतून निवृत्त झालेला फिटर, सगळे त्यांना फौजीच म्हणायचे. आखून दिलेल्या रेषेबाहेर उभं राहायचं म्हणजे राहायचं, हे त्या माणसाला शिकवायला नको होतं. भारा मुद्दाम सोडला. लोखंडी हात उसळला, आणि शेवटची दांडी पट्टा ओलांडून हातभर पुढे आली. उजव्या खांद्यावर बसली. फौजी पडले तेसुद्धा फारसा आवाज न करता.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाड जुळेल, पण मानेतून हाताला येणाऱ्या नसा मुळासकट उपटल्यात. खांदा वर उचलता येईल, त्याची नस वेगळी आहे. त्याच्या खाली काही नाही. हलणार नाही आणि कळणारही नाही. चटका बसला तरी वास आल्यावर कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आणि मी टेबलावर ते कागद पसरून बसलो. शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्या दांडीचा कोन. सरांनी तो पहिल्या दांडीपासून मोजला होता. मी तो उभ्या रेषेपासून धरला होता. आणि कागदावर त्या कोनाखाली काही लिहिलेलं नव्हतं. सव्वाशे पोरांना ज्या ओळीसाठी दरवर्षी भोपळे दिले, ती एक ओळ तिथे नव्हती. चौदा वर्षं ज्या माणसाने मला रोज तो प्रश्न विचारला, त्याला मी उलटा एकदाही विचारला नव्हता. सरांना कोण विचारणार, कुठून मोजलं म्हणून? सरांचं म्हणजे बरोबरच असणार. मला नुसतं मागे वळून विचारायचं होतं, आमच्या दोन टेबलांत वीतभराचं अंतर नव्हतं.

सरांनी कागद गोळा केले, कडा जुळवल्या, फाइलीत लावले.

चौकशी अशी काही झाली नाही. प्राचार्यांच्या खोलीत मालक, सर, मी आणि प्राचार्य. मालक म्हणाला, "सर, असं झालं कसं?" सर म्हणाले, "कोन कुठनं मोजला त्ये म्या लिहिलं न्हाई. चूक माझी हाय." मी त्याच खोलीत, त्यांच्या डाव्या हाताला खुर्चीवर बसले होते. मी पाणी प्यायले. बाकी काही केलं नाही. घाबरले होते का? आता आठवायचा प्रयत्न करते तर भीतीही आठवत नाही. पेल्याला आतून शेवाळं धरलं होतं, ते आठवतं.

त्यानंतरच्या रविवारपासून सर पलूसला जायला लागले.

सकाळची एसटी, कापडी पिशवी, तिच्यात आता पट्ट्यांशिवाय पकड, पाने, सायकलच्या ब्रेकची वायर, मोटारसायकलच्या स्टँडच्या जुन्या स्प्रिंगा. फौजींच्या घरी जायचं, त्यांच्या खुर्चीला पट्ट्यांचा एक सांगाडा बसवायचा, त्यावर तो मेलेला हात ठेवायचा. वजन स्प्रिंगांनी तोलून धरायचं. आणि खांदा जो काय इंचभर उचलता येतो, तेवढ्या ओढीवर वायर खेचून हात कोपरात वाकवायचा आणि पंज्याला बांधलेला चमचा तोंडाशी आणायचा. आपल्या हाताने जेवायचं. बास, एवढंच. सरांच्या हिशेबी हे काम दोन महिन्यांचं होतं. दीड वर्ष चाललं.

सोमवारी सकाळी मला अहवाल मिळायचा, आकृतीसकट. पहिल्यांदा त्यांनी हाताचं वजन केलं, रद्दीवाल्याकडे असतो तसल्या हुकाच्या काट्याला फौजींचं मनगट अडकवून. फौजी म्हणाले, "सर, काय भाव लावताय?" सरांनी मला हे सांगितलं आणि स्वतःच हसले, मग हसू मधेच थांबवून वजनाचा आकडा फळ्यावर लिहिला. दुसऱ्यांदा स्प्रिंग जास्त कडक झाली. फौजींनी खांदा उचलला आणि हात असा काही सुटला की चमच्यातला शिरा भिंतीवरच्या कॅलेंडरला जाऊन चिकटला. "ह्येला तोफखान्यात घाला साब," फौजी म्हणाले म्हणे. मग सरांनी स्प्रिंग हलकी केली. तर हात पाण्यावर पडलेल्या फळकुटासारखा नुसता हवेत तरंगायला लागला, पंखा लावला की हलायचा. फौजी आपल्याच हाताकडे बघत बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "सर, ह्यो हात कुणाचा हाय?"

हे सांगताना मात्र सर हसले नाहीत. म्हणाले, "त्येंला त्या टोकाचं काय कळतच न्हाई मॅडम. ज्या टोकाला काय लागतच न्हाई, त्येचं समीकरण मांडायचं कसं?" मी म्हटलं, "सर, पुढच्या रविवारी मी येऊ का?" ते म्हणाले, "कशाला? गर्दी हुती." मी नंतर कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनी नको म्हटल्यावर मला बरं वाटलं.

सर निवृत्त झाले, तरी रविवार चालूच होते. एका शनिवारी त्यांचा फोन आला. "उद्या या मॅडम. जमलंय. तुमी बघाय पायजे."

मी गेले. पलूस गावाबाहेर दोन खोल्यांचं घर, दारात द्राक्षाच्या मांडवाचे जुने अँगल रचलेले. फौजी खुर्चीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. शर्टाची उजवी बाही सरांनी कापून शिवून घेतलेली, पट्टी अडकू नये म्हणून. मला बघून ते उठले नाहीत, कारण सांगाडा बांधलेला होता. मान लववून म्हणाले, "या मॅडम."

मी आत स्वयंपाकघरात गेले. फौजींच्या पत्नी, वहिनी, दहीभात कालवत होत्या. मला हळूच म्हणाल्या, "तुमी कांदा खाता न्हवं? आज न्हाई बरं का घातला. रविवारी आमी घालतच न्हाई, सरांचं असतंय म्हणून. सकाळी उठून कट्टा, भांडी समदं धुवून घेती. सूर्य डोक्यावनं ढळला की जीव लागून ऱ्हातो, सर न जेवता जातील म्हणून." मग हात धुता धुता म्हणाल्या, "पोरगी फलटणला दिलीया. तिला बी रविवारचीच सुट्टी. मी म्हंटलं, आता सरांचं काम उरकंस्तवर तू येऊ नगो." तक्रार नव्हती हो. दळण आणायचं राहिलं, असल्या सुरात बोलत होत्या. वर म्हणाल्या, "सर लय भला माणूस."

बाहेर सरांनी शेवटचा नट आवळला. वहिनींनी वाटी समोर ठेवली, चमचा भरून पंज्यात अडकवला. फौजींनी खांदा उचलला. पट्ट्या एकीमागून एक वळल्या. कोपर वाकलं, हात वर आला, घाई नाही, हिसका नाही, आणि चमचा बरोबर ओठांपाशी येऊन थांबला. मी आयुष्यात इतक्या यंत्रांची इतकी गणितं केली, पण इतकं सुंदर काही हललेलं पाहिलं नव्हतं. फौजींनी घास घेतला. सावकाश चावला. गिळला. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"कसं वाटलं?" सरांनी विचारलं. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. परीक्षेला बसलेल्या पोराचा असतो तसा होता.

फौजींनी वाटीकडे बघितलं. "काय न्हाई वाटलं सर," ते म्हणाले. "चमचा आला. खाल्लं."

"सवय हुईल."

"सर, एक बोलू का? रागवायचं न्हाई."

"बोला की."

"तुमी आता येऊ नगासा."

वहिनी म्हणाल्या, "आवं, काय बोलताय ह्ये?" फौजींनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं.

"मी डाव्या हातानं कवाच जेवाय शिकलो सर. सा म्हैन्यांतच. डाव्या हातानं नट खोलतो, मोटार जोडतो, समदं करतो. ह्यो हात मी मनातनं सोडल्याला हाय. गेला. ड्यूटीवर माणूस जातो तसा गेला. सोमवारपास्नं शनिवारपतोर मला त्येची आठवण बी हुत न्हाई. आन् रविवारी तुमी येता, त्यो हात उचलून परत माझ्या म्होरं ठेवता. ह्ये बग, ह्यो तुझा हात. तुमाला न्हाई कसं म्हणायचं? तुमी सर हाय. दीड वर्स न्हाई म्हणता आलं न्हाई. मला दुखत न्हाई सर. खरंच न्हाई. तुमाला दुखतंय. पर तुमचं दुखणं ह्या हाताला किती दिस बांधून ठिवायचं?"

मी सरांकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं, पण मी त्या सांगाड्याकडे बघत बसले. आता बोल, असं मी स्वतःला म्हटलं. आता सांग, की चूक एकट्या सरांची नव्हती. तोंड उघडलंही. पण हे आता कुणाच्या कामाचं होतं? फौजींच्या तर नक्कीच नव्हतं.

"बरं," सर म्हणाले.

एवढंच. मग खाली बसून त्यांनी एकेक नट सैल केला. हात अलगद काढून फौजींच्या मांडीवर ठेवला. सांगाडा पिशवीत मावेना, तेव्हा तो भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाले, "ह्ये ऱ्हाऊ द्या. न्हाईतर भंगारात घाला. पट्टी चांगल्यापैकी हाय, कशाला तरी उपेगी पडंल."

वहिनी रडवेल्या होऊन म्हणाल्या, "आवं सर, जेवून जावा की. दिवस हाय अजून." सर जेवले. फौजी शेजारी बसून डाव्या हाताने जेवले, भाकरीचा तुकडा तळहाताने दाबून बोटांनी मोडत, सराईतपणे, माझ्यापेक्षा लवकर. पावसाच्या, द्राक्षांच्या गप्पा झाल्या. सरांनी नेहमीसारखं आपलं ताट आपणच धुतलं.

परतीच्या गाडीत मी सगळं एकदम बोलून टाकलं. "सर, चूक माझीपण होती. निम्मी माझी होती. त्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत मी बोलायला पाहिजे होतं. मीपण तुमच्याबरोबर यायला पाहिजे होतं दर रविवारी."

सर खिडकीबाहेर बघत होते. "निम्मी हुतीच की," ते म्हणाले. "ठाऊक हाय. कागद आपुन संगंच बघितला न्हवं का?" मला वाटलं आता रागावतील, आणि मला ते हवंही होतं. मग म्हणाले, "पर तुमी बी येत ऱ्हायला असता तर त्या माउलीला दर रविवारी दोन माणसांचं बिनकांद्याचं रांधाय लागलं असतं."

मला हसू आलं. हसता हसता पुढे रडू येईल असं वाटलं, तेही आलं नाही.

सरांना मी शेवटचं पाहिलं त्याला आता वर्ष होईल. गेले ते नंतर, झोपेतच, मला निरोप दोन दिवसांनी कळला. पण मी जे सर धरून बसलेय ते त्या दिवशीचे. रविवार होता. मी वाईला जायला निघाले होते, साताऱ्याच्या गाडीत खिडकीशी बसले होते. समोरच्या फलाटाला पलूसची गाडी लागलेली. आणि फलाटावरच्या बाकावर सर. हातात काही नाही. सकाळी उठून, आवरून, सवयीने स्टँडवर आलेले, हे मला लगेच कळलं.

कंडक्टर ओळखीचा झालेला, दीड वर्षांचा. दारातून वाकून म्हणाला, "काय सर, कवापास्नं दिसला न्हाई. चला की."

"न्हाई रं. आता काम न्हाई तिकडं."

"फौजी भेटला हुता परवा. तुमचं इचारत हुता. सर बरं हायत का म्हणून."

सर उठले. गाडीपाशी गेले. त्यांनी दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला. मी खिडकीची अर्धवट उघडी काच पूर्ण सरकवली. जा की सर, असं मला ओरडावंसं वाटलं. तो विचारतोय, जा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या छातीत काहीतरी हललं. पण मी ओरडले नाही, आणि सर तसेच उभे राहिले, बहुतेक पलीकडच्या टोकाचा विचार करत. फौजी येऊ नका म्हणाले होते. विचारणं वेगळं, आणि या म्हणणं वेगळं.

"बरा हाय म्हणून सांग त्येला," ते म्हणाले आणि त्यांनी पाय काढून घेतला.

कंडक्टरने दार ओढलं, घंटी दिली. गाडी मागे घ्यायची होती आणि मागे माणसांची, पिशव्यांची, पोराबाळांची ही गर्दी. सर चालत गाडीच्या मागे गेले. ड्रायव्हरच्या आरशात दिसतील असे बाजूला उभे राहिले. एका म्हातारीला दंडाला धरून हलवलं, दोन कॉलेजची पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती त्यांना पार लांब, गरजेपेक्षा कितीतरी लांब नेऊन उभं केलं. मग हात वर करून ड्रायव्हरला दाखवायला लागले, येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे. आणि दर दोन पावलांना हात तसाच वर ठेवून मागे वळून बघत होते, कुणी उभं तर नाही ना.